एनजीसी ४९९३ : जिथे तारे जन्मणं थांबलं, तिथे ती टक्कर कशी झाली?

नभोवाट

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे (फुटलेल्या जड तार्‍यांचे मागे उरलेले अतिघन गाभे) एकमेकांवर आदळले आणि त्यांच्या गुरुत्वीय लहरी (खुद्द अवकाशात उठणारे तरंग) आणि प्रकाश दोन्ही आपल्यापर्यंत पोचले, हे इथल्या बहुतेकांना माहीत असेल. त्या टकरीवर भरपूर लिहून आलंय. ती जिथे झाली त्या दीर्घिकेचं नाव मात्र एखाद्या ओळीत येऊन जातं. मला तिच्याबद्दलच जास्त कुतूहल आहे, कारण वरवर पाहिलं तर असलं काही तिथे घडायला नको होतं. म्हणून हा धागा.

दीर्घिकेचं नाव एनजीसी ४९९३. तारकासमूह वासुकी, खगोलीय विषुववृत्ताच्या २३ अंशांहून थोडी जास्त दक्षिणेला. अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं. विल्यम हर्शेलने ती २६ मार्च १७८९ रोजी शोधली. इंग्लंडमधून ती आकाशात जास्तीत जास्त पंधरा अंश वर येते. इतक्या खालच्या, गढूळ हवेतून असा फिकट ठिपका टिपायचा आणि त्याची नोंद करायची, ही त्या माणसाच्या चिकाटीची कमाल आहे. पुढे एनजीसी या आकाशातल्या धूसर ठिपक्यांच्या सूचीत ती दोनदा चढली, त्यामुळे एनजीसी ४९९४ हीसुद्धा तीच. त्यानंतर सव्वादोनशे वर्षं तिच्याकडे मुद्दाम वळून पाहावं असं काही झालं नाही.

प्रकार भिंगाकार. म्हणजे सर्पिल दीर्घिकेसारखी तबकडी आहे, मधला फुगवटा चांगला मोठा आहे, पण बाहू नाहीत. एडविन हबलने १९३६ मध्ये लंबवर्तुळाकार आणि सर्पिल यांच्या मधली पायरी म्हणून एस-शून्य हा वर्ग मांडला, तोच हा. या दीर्घिकांमध्ये नवे तारे घडवायला लागणारा थंड वायू जवळजवळ संपलेला असतो. मोठे निळे तारे अल्पायुषी, त्यामुळे जन्म थांबले की आधी निळा रंग जातो आणि मागे पिवळे-तांबूस जुने तारे उरतात. एनजीसी ४९९३ तशीच आहे. तिचे बहुतेक तारे दहा अब्ज वर्षांच्या आसपासचे. आज तिथे सगळ्या दीर्घिकेत मिळून वर्षाला सूर्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या वस्तुमानाचे तारे बनतात. आपल्या आकाशगंगेत हाच आकडा एक-दोन सूर्यांएवढा आहे.

आता अडचण बघा. न्यूट्रॉन तारा व्हायला सूर्याच्या आठपटीहून जड तारा लागतो, आणि असा तारा काही कोटी वर्षांत संपतो. जिथे अब्जावधी वर्षांत असे तारे जवळपास जन्मलेच नाहीत, तिथे दोन न्यूट्रॉन तारे २०१७ मध्ये आदळताना दिसले कसे?

तर ती जोडी ताजी नव्हतीच. दीर्घिका तरुण होती, तारे भराभर जन्मत होते, तेव्हाची ती असणार. दोन्ही जड तारे फुटले, मागे दोन न्यूट्रॉन तारे राहिले आणि ते एकमेकांभोवती फिरत बसले. फिरताना गुरुत्वीय लहरींतून त्यांची ऊर्जा कणाकणाने जात होती आणि कक्षा आवळत होती. हे होतं याचा पुरावा आपल्याकडे आहे. हल्स आणि टेलर यांनी १९७४ मध्ये शोधलेली न्यूट्रॉन तार्‍यांची जोडी पावणेआठ तासांत एक फेरी मारते, आणि तिची कक्षा आइनस्टाइनच्या सिद्धांताने सांगितलेल्या वेगानेच आकसतेय. दोघांना १९९३ चं नोबेल यासाठीच मिळालं. ती जोडी साधारण ३० कोटी वर्षांनी आदळेल.

यातला सगळ्यात बोलका भाग गणितात आहे. टक्कर व्हायला लागणारा काळ अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. हल्स-टेलर जोडीतलं अंतर नुसतं दुप्पट करा, कक्षेचा आकार तोच ठेवा, की ३० कोटींचे सोळापट, म्हणजे ४८० कोटी वर्षं होतात. तिप्पट केलंत तर विश्वाच्या वयापेक्षाही जास्त. म्हणजे सुरुवातीच्या अंतरात थोडा फरक पडला की एक जोडी दीर्घिका तरुण असतानाच आदळते आणि दुसरी, तारे जन्मणं थांबून युगं लोटल्यावर. एनजीसी ४९९३ मध्ये आपल्याला दिसली ती दुसर्‍या जातीची.

म्हणून अशा दीर्घिकांना 'मृत' म्हणतात ते मला पटत नाही. तिथे जन्म थांबलेत, घडामोडी थांबलेल्या नाहीत.

कृत्तिका

फार छान लिहिलंय. चौथ्या घाताचं गणित पहिल्यांदाच कळलं. एक शंका : लायगोच्या (गुरुत्वीय लहरी टिपणारी अमेरिकेतली दोन उपकरणं) शोधकांना आकाशातला नेमका बिंदू कळत नाही असं वाचलं होतं. मग एवढ्या दीर्घिकांतून हीच, हे कसं ठरवलं?

नभोवाट

@कृत्तिका, तो शोध म्हणजे एका रात्रीची शर्यत होती. जरा सविस्तर सांगतो.

लहर पोचली जागतिक वेळेनुसार दुपारी १२:४१ ला. उपकरणांत ती सुमारे शंभर सेकंद ऐकू येत होती, तेवढ्यात जोडीने तीनेक हजार आवर्तनं घेतली. ती संपल्यावर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा छोटा स्फोट टिपला. लायगोच्या लिव्हिंग्स्टनच्या उपकरणात नेमका शेवटच्या क्षणांवर एक मोठा खरखराट येऊन बसला होता, तो बाजूला काढावा लागला. इटलीतलं व्हर्गो जेमतेम पंधरवड्यापूर्वी, १ ऑगस्टला, निरीक्षणात सामील झालं होतं. त्याला ही लहर जवळजवळ जाणवलीच नाही, आणि तेच कामाला आलं! लहर इतकी जोरदार असून व्हर्गोला जाणवत नाही, म्हणजे ती त्याच्या आंधळ्या पट्ट्यातून आली असणार. त्यामुळे शोधायचा टापू सुमारे ३० चौरस अंशांपर्यंत आटला. लहरीच्या ताकदीवरून अंतरही कळलं होतं, १३ कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास.

नकाशा जाहीर झाला पाचेक तासांनी. चिलीत अजून दिवस होता. शिवाय हा टापू तेव्हा सूर्यापासून फार दूर नव्हता, संध्याकाळी पश्चिमेला थोडा वेळ दिसून मावळणारा. म्हणजे अंधार पडल्यापासून हातात थोडाच वेळ. तीस चौरस अंश एकेक तुकडा करून चाळण्यापेक्षा त्या टापूतल्या आणि त्या अंतरावरच्या दीर्घिकांची यादी करायची आणि एकेकीचा फोटो घ्यायचा, असं एका गटाने ठरवलं. त्यांच्याकडे होती लास कंपानास वेधशाळेची स्वोप दुर्बीण, आरसा फक्त एक मीटरचा. टकरीनंतर सुमारे ११ तासांनी घेतलेल्या एका फोटोत एनजीसी ४९९३ च्या केंद्रापासून १०.६ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अंतरावर एक ठिपका होता, जो जुन्या फोटोत नव्हता. तासाभरात आणखी पाच गटांच्या फोटोंतही तो आला होता.

जगातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणी वापरणारे लोक वाट पाहत असताना एक मीटरची दुर्बीण पुढे गेली, कारण तिच्यामागच्या लोकांनी दीर्घिकांच्या सूचीवर भरवसा ठेवला. दीर्घिका मोजत आणि त्यांची अंतरं काढत बसणं हे कंटाळवाणं समजलं जाणारं काम. त्या रात्री त्याचं मोल कळलं.

मुक्तछंदी

वाचतेय. पुढचं येऊ द्या.

सह्यकडा

लेख आवडला, पण एका गोष्टीवर बोलायला हवं. एस-शून्य हा एकसंध वर्ग नाही. काही भिंगाकार दीर्घिका दीर्घिकासमूहाच्या उष्ण वायूतून धावताना स्वतःचा वायू गमावतात आणि बाहू विरून जातात. काही जणींचा वायू नुसता वापरून संपतो. काही टकरींतून तशा होतात. बाहेरून तिन्ही सारख्या दिसतात. त्यामुळे 'भिंगाकार आहे म्हणून जुनी आहे' यापुढे एनजीसी ४९९३ चा स्वतःचा इतिहास काय, हे सांगा. ती मोठ्या समूहात नाही, छोट्या गटात आहे. मग तिचा वायू नेला कुणी?

नभोवाट

@सह्यकडा, अगदी योग्य मुद्दा. हबल दुर्बिणीच्या फोटोंत तिची नेहमीची चमक वजा केली की बाहेर फिकट कमानी दिसतात, एकाबाहेर एक अशा. छोटी दीर्घिका मोठीत पडते तेव्हा तिचे तारे मोठीच्या केंद्रातून आरपार जातात, पलीकडे वेग संपेपर्यंत चढतात, परत येतात. जिथे ते वळतात तिथे वेग कमी असल्यामुळे गर्दी होते, आणि ती गर्दी आपल्याला कमान म्हणून दिसते. अशा कमानी कायम टिकत नाहीत, काळाच्या ओघात मिसळून जातात. त्यावरून ही गिळंकृती गेल्या अब्जभर वर्षांतली असावी असा अंदाज आहे. केंद्राजवळ धुळीच्या नागमोडी रेघा आहेत आणि सर्पिल आकारात पसरलेला थोडा आयनीभूत वायूही आहे. आत एक मंद सक्रिय कृष्णविवर आहे. म्हणजे दीर्घिका जुनी आहे, पण अलीकडे तिने एक घास घेतलाय.

तिचा स्वतःचा वायू मात्र त्याआधी फार पूर्वीच संपला असणार. तार्‍यांची वयंच तसं सांगतात.

अनाहत

मग ती न्यूट्रॉन जोडी गिळलेल्या छोट्या दीर्घिकेबरोबर आली असेल तर? तुमचं 'जुनी जोडी' हे उत्तर त्यात अडचणीत येतं.

क्षितिजरेषा

मी या विषयाच्या आसपास काम करते, म्हणून मध्ये बोलते. अनाहत, ही शक्यता शोधनिबंधांतही मांडली गेलीय आणि ती उडवून लावता येत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, टकरीच्या जागी तरुण तार्‍यांचा काही मागमूस नाही. छोट्या दीर्घिकेने अलीकडे जोमाने तारे घडवले असते तर त्या तार्‍यांची थोडी तरी निळी छटा उरली असती. त्यामुळे जोडी आली कुठूनही असली तरी ती तरुण होती असं म्हणायला आधार मिळत नाही. दुसरी, आकड्यांचा विचार केला तर एनजीसी ४९९३ चे स्वतःचे तारे पाहुण्या तार्‍यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, म्हणजे शक्यतेचं पारडं तिकडेच झुकतं.

आणखी एक पर्याय तपासला गेला होता. गोलाकार तारकागुच्छांत तारे इतके दाटीने असतात की न्यूट्रॉन तार्‍यांच्या जोड्या तिथे भेटीगाठींतून जुळू शकतात. भिंगाकार आणि लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवती असे गुच्छ भरपूर. टकरीचा उजेड पूर्ण विझल्यावर हबलने त्या जागेचे फार खोल फोटो घेतले. तिथे गुच्छ निघाला नाही. म्हणजे ही जोडी दीर्घिकेच्या साध्या तार्‍यांतली, एकत्र जन्मलेल्या दोन जड तार्‍यांची असण्याकडे कल आहे.

जागेबद्दलही : १०.६ विकला म्हणजे त्या अंतरावर केंद्रापासून सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षं. सुपरनोव्हा होताना न्यूट्रॉन तार्‍याला जोरदार हिसका बसतो आणि कधी कधी जोडी दीर्घिकेबाहेर भिरकावली जाते. गॅमा किरणांचे काही छोटे स्फोट म्हणूनच स्वतःच्या दीर्घिकेपासून दूर, मोकळ्या जागेत दिसतात. ही जोडी घरातच राहिली, म्हणजे तिला बसलेले हिसके फार मोठे नसावेत.

अनाहत

हे समजलं. धन्यवाद, क्षितिजरेषा.

धातुवेध

सोन्याचा उल्लेख मूळ लेखात नाही याचं बरं वाटलं, कारण त्यावर फार ढोबळ लिहिलं जातं. थोडी भर घालतो.

टकरीतून उडालेला मलबा सूर्याच्या वस्तुमानाच्या काही शतांश. सूर्याच्या ०.०५ पट धरला तर सोळा हजारांहून अधिक पृथ्वी होतील एवढा! तो प्रकाशाच्या वेगाच्या दहा ते तीस टक्के वेगाने पसरत होता. न्यूट्रॉनांचा मारा इतका की अणुकेंद्रकं विघटन व्हायच्या आत नवे न्यूट्रॉन गिळत जातात आणि लोखंडाच्या पुढची जड मूलद्रव्यं तयार होतात. पण त्या प्रकाशात सोन्याची अशी स्वतंत्र रेषा कुणी पाहिलेली नाही. वर्णपटात नावानिशी पहिल्यांदा ओळख पटली ती स्ट्रॉन्शियमची, तीही २०१९ मध्ये. जड मूलद्रव्यांचा पुरावा येतो तो रंगावरून. पहिले एक-दोन दिवस ठिपका निळा होता, मग निळा भराभर गेला आणि दोनेक आठवडे अवरक्त उजेड रेंगाळला. लॅन्थॅनाइड गटातली मूलद्रव्यं निळा प्रकाश अडवतात आणि ऊर्जा सावकाश, लाल बाजूने बाहेर सोडतात. अशी टक्कर झाली तर उजेड असाच बदलेल हे आधी गणिताने सांगितलं होतं, आणि तसंच झालं.

इथे दीर्घिकेचा निबर स्वभावही उपयोगी पडला. जिथे तारे जन्मताहेत अशा धुळकट बाहूत ही टक्कर झाली असती तर धुळीने निळा उजेड खाल्ला असता आणि 'लाल झाला तो मूलद्रव्यांमुळे की धुळीमुळे' हा वाद लागला असता. एनजीसी ४९९३ मध्ये त्या जागी धूळ फारशी नाही.

नभोवाट

@धातुवेध, हा शेवटचा मुद्दा मूळ लेखातच असायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. धन्यवाद.

पाऊलखुणा

गॅमा स्फोट एवढा जवळ होऊनही फिकट का होता? १३ कोटी प्रकाशवर्षं म्हणजे अशा स्फोटांच्या मानाने शेजारच की.

क्षितिजरेषा

कारण टकरीतून बाहेर पडलेला अरुंद झोत आपल्याकडे रोखलेला नव्हता, तो वीसेक अंश तिरका होता. क्ष-किरण लगेच दिसले नाहीत, चंद्रा दुर्बिणीला ते नवव्या दिवशी मिळाले. रेडिओ लहरी सोळाव्या दिवशी. त्यानंतर सूर्य आड आला. दृश्य प्रकाशातल्या दुर्बिणी आणि चंद्रा डिसेंबरपर्यंत हतबल होत्या, रेडिओ दुर्बिणी मात्र चालू राहिल्या. अमेरिकेतली व्हीएलए, पुण्याजवळची जीएमआरटी यांनी महिनोन्महिने मोजमापं घेतली. रेडिओ उजेड पाचेक महिने वाढत राहिला आणि मग उतरला. दूरदूरच्या दुर्बिणी एकत्र जोडून पाहिल्यावर २०१८ मध्ये दिसलं की रेडिओ ठिपका आकाशात सरकलाय, तोही प्रकाशाच्या चौपट वेगाने सरकल्यासारखा. खरा वेग अर्थातच प्रकाशापेक्षा कमी. झोत जवळपास आपल्याच दिशेने येत असला की तो स्वतःच्या प्रकाशाच्या मागोमाग धावतो, त्यामुळे आपल्याला काळ आखूड भासतो आणि वेग फुगलेला दिसतो. या सरकण्यामुळेच अरुंद झोत खरंच बाहेर पडला होता हे पक्कं झालं.

कृत्तिका

हबल स्थिरांकाच्या (विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय त्या आकड्याच्या) वादात या दीर्घिकेचं नाव येतं ते का?

नभोवाट

कारण लहरीवरून अंतर थेट मिळतं, मधल्या कुठल्याही पायर्‍या न लावता. पण लहर वेग सांगत नाही. तो दीर्घिकेच्या वर्णपटातून घ्यावा लागतो, म्हणून दीर्घिका ओळखता येणं अत्यावश्यक. एनजीसी ४९९३ स्वतःच्या गटात इकडेतिकडे ओढली जाते, ती ओढ वजा केल्यावर विश्वाच्या प्रसरणाचा वेग उरतो सेकंदाला सुमारे ३,००० किलोमीटर. दोन्ही आकडे एकत्र करून स्थिरांक आला ७० (म्हणजे दर मेगापार्सेक, सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं, अंतरामागे सेकंदाला ७० किलोमीटर), त्यात वर १२ आणि खाली ८ एवढी अनिश्चितता. वादातल्या दोन्ही बाजू, ६७ आणि ७३, त्यात आरामात बसतात. म्हणजे निकाल लागला नाही, पण तिसरी, स्वतंत्र पद्धत उभी राहिली. अशा पन्नासेक टकरी त्यांच्या दीर्घिकांसकट मिळाल्या तर निकालाजवळ जाता येईल.

आणि १.७ सेकंदांचा फरक विसरू नका. १३ कोटी वर्षांच्या प्रवासात गुरुत्वीय लहर आणि प्रकाश यांच्यात एवढंच अंतर पडलं. दोघांचा वेग १ वर पंधरा शून्यं एवढ्या भागांत तीनेक भागांहून जास्त वेगळा असणं अवघड. विश्वाचं वाढतं प्रसरण समजावण्यासाठी मांडलेले गुरुत्वाकर्षणाचे कित्येक पर्यायी सिद्धांत त्या एका दिवशी बाद झाले.

मुक्तछंदी

ही दीर्घिका घरच्या दुर्बिणीतून दिसते का?

सह्यकडा

दिसते, पण सांभाळून अपेक्षा ठेवा. प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितकं फिकट) १२ ते १३ च्या दरम्यान, म्हणजे आठ-दहा इंची आरसा आणि खरोखर काळं आकाश हवं. शोधायची सोपी युक्ती : हस्तातला बीटा तारा आणि वासुकीतला गॅमा तारा जवळपास एकाच पूर्व-पश्चिम रेषेवर आहेत. गॅमापासून हस्ताच्या दिशेने दोन अंश सरका. कमी शक्तीच्या नेत्रिकेत ती तार्‍यासारखी वाटून निसटते, म्हणून आधी नकाशावरून आजूबाजूचे तारे जुळवा, मग शक्ती वाढवा. थेट न बघता नजर किंचित बाजूला ठेवलीत की मधला उजळ गाभा आणि भोवतीचं धूसर गोल आवरण वेगळं कळतं. बाहेरच्या कमानी डोळ्यांना दिसणार नाहीत, त्या मोठ्या दुर्बिणींच्या फोटोंतच. एप्रिल-मेमध्ये पाहा, मेच्या मध्याला साडेनऊ-दहाच्या सुमारास ती सगळ्यात उंच असते.

पाऊलखुणा

शेवटचा प्रश्न. अशी दुसरी दीर्घिका सापडली का?

क्षितिजरेषा

२५ एप्रिल २०१९ ला दोन न्यूट्रॉन तार्‍यांची आणखी एक टक्कर लायगोने ऐकली. पण तेव्हा लायगोचं हॅनफर्डचं उपकरण बंद होतं, त्यामुळे टापू आठ हजार चौरस अंशांहून मोठा निघाला. म्हणजे सगळ्या आकाशाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. अंतरही चौपट. असंख्य दीर्घिका त्यात बसत होत्या. जगभरच्या दुर्बिणींनी शोध घेतला, पण सोबतचा उजेड खात्रीने कुणालाच सापडला नाही. ती टक्कर कुठल्या दीर्घिकेत झाली, ती भिंगाकार होती की सर्पिल, तिथे तारे जन्मत होते की नव्हते, यातलं काहीच कळू शकलं नाही. म्हणून जोड्या किती काळाने आदळतात याचा जो हिशोब नभोवाट यांनी वर मांडलाय, तो तपासायला गुरुत्वीय लहरींकडून मिळालेली, पत्ता माहीत असलेली दीर्घिका आजही एनजीसी ४९९३ हीच आहे.